वनस्पतींचा शेजार: आधार केव्हा, अडचण केव्हा?

वनस्पतींच्या परस्परसंबंधांचा विषय वर्गात निघाला की बहुधा पहिला शब्द येतो तो स्पर्धेचा. दोन रोपे जवळजवळ वाढू लागली की ती प्रकाशासाठी, पाण्यासाठी आणि मातीतल्या अन्नद्रव्यांसाठी एकमेकांशी झगडतात, असे आपण शिकतो आणि शिकवतो. शेतकऱ्याचा अनुभवही तसाच असतो. भाताची लावणी ठरावीक अंतरावर करायची, मुळ्याच्या वाफ्यात विरळणी करायची, तण वेळेवर काढायचे, ही सगळी कामे याच समजुतीवर उभी आहेत. ही समजूत खोटी नाही, पण ती अर्धी आहे.

जिथे जगणेच अवघड असते, तिथे शेजारी असलेले रोप टिकते आणि एकटे रोप मरते, असेही पुष्कळदा घडते. विशेष म्हणजे परिस्थिती सुधारली की तोच शेजारी प्रतिस्पर्धी होतो. म्हणजे दोन जातींमधला संबंध मैत्रीचा की वैराचा, हे त्या जातींची नावे पाहून सांगता येत नाही. त्या कुठे, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या परिस्थितीत एकत्र वाढत आहेत, हे पाहावे लागते. आजूबाजूचा परिसर झपाट्याने बदलत असताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. नवी मुंबईच्या खाडीकाठाच्या आधाराने तो समजून घेऊ.

खाडीकाठचे रहिवासी

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. तिच्या पश्चिमेला मुंबई आणि पूर्वेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ही नवी मुंबईची उपनगरे आहेत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नव्या शहराची आखणी सुरू झाली, तेव्हा या किनाऱ्यावर आगरी-कोळ्यांची गावे, मिठागरे आणि खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली भातशेती होती. पुढे भराव पडले, रस्ते झाले, पूल झाले. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

वाशीच्या पुलावरून किंवा पाम बीच रस्त्यावरून जाताना खाडीच्या कडेला जी हिरवी भिंत दिसते, ती बहुतांशी एकाच झाडाची आहे: तिवराची. त्याच्या जोडीला कुठे चिपी, कुठे काटेरी पानांची मारांडी, कुठे करंजवेल दिसते. पण राज्य तिवराचे. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्याची श्वसनमुळे ओहोटीच्या वेळी दुरूनही ओळखता येतात. पानावर क्षारग्रंथी असतात आणि त्यांतून बाहेर टाकलेल्या मिठाचे कण भिंगातून स्पष्ट दिसतात. मुलांना ते भिंगातूनच दाखवावेत. खाडीचे पाणी प्रदूषित असल्याने पान चाखण्याचा मोह टाळावा.

या चिखलात वनस्पतीपुढे तीन मोठ्या अडचणी असतात. पहिली मिठाची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि असे पाणी मुळांनी ओढून घेणे सोपे नाही. दुसरी प्राणवायूची. पाण्याने सदैव भरलेल्या चिखलात हवा जवळजवळ नसते आणि तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. खाडीचा चिखल उकरला की सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच, आणि हा वायू मुळांना विषारी असतो. तिसरी अडचण लाटांची आणि प्रवाहाची. दिवसातून दोनदा येणारी भरती कोवळ्या रोपाला उपटून नेऊ शकते.

उघड्या चिखलावर मीठ का साठते?

या तिन्हींपैकी मिठाची अडचण वर्षभर सारखी नसते. उधाणाच्या भरतीचे पाणी ज्या उंच चिखलावर चढते, तिथे भांगाच्या दिवसांत पाणी पोहोचत नाही. मधल्या दिवसांत वरचे ऊन चिखलातले पाणी आटवते. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. चिखल वरून कोरडा होऊ लागला की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, तेही आटते आणि आणखी मीठ साठते. एप्रिल-मे महिन्यांत अशा उघड्या जागेवर पांढरा थर दिसू लागतो, आणि तिथल्या ओलाव्याची क्षारता समुद्राच्या पाण्यापेक्षाही जास्त होऊ शकते. मिठागरात आपण हेच मुद्दाम घडवून आणतो.

पावसाळ्यात चित्र उलटते. पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन निघते. कोकणातल्या खारजमिनीवर भात होतो तो याच कारणाने. पावसाने जमीन धुतली जाते, उघाडीतून खारट पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडले जाते आणि मग लावणी होते.

आता याच उघड्या चिखलावर कोणत्या तरी वनस्पतीचा एक ठिपका वाढला आहे असे समजू. तिच्या पानांची सावली चिखलावर पडते. सावलीत तापमान कमी राहते, बाष्पीभवन मंदावते आणि मीठ कमी साठते. म्हणजे त्या वनस्पतीने काहीही न ‘देता’ शेजारच्या रोपासाठी जागा राहण्याजोगी केली. शेजारधर्माचा हा सर्वांत साधा प्रकार आहे.

आधी आलेल्यांचा आधार

खाडीकाठच्या उघड्या जागेत काही रांगत्या, मांसल पानांच्या वनस्पती आधी येतात. घोळीच्या भाजीची आठवण करून देणारी, गुलाबी फुलांची सेसुव्हियम ही त्यांतली एक. उष्ण प्रदेशांतल्या जगभरच्या किनाऱ्यांवर ती आढळते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या किनाऱ्यावर कॅरन मकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वनस्पती आणि खारट जमिनीवर वाढणारे एक गवत यांच्यावर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कांदळवन नष्ट झालेल्या जागी या बुटक्या वनस्पती असल्या, तर पाण्याबरोबर वाहत आलेली कांदळाची रोपे त्यांच्यात अडकतात, रोपांना उभे राहायला टेकू मिळतो आणि चिखलाचे तापमानही कमी राहते. एरवी आपण ज्याला ‘झुडपे-गवत’ म्हणून साफ करायला निघतो, ते या ठिकाणी पुढच्या जंगलाचे पाळणाघर असते.

तिवराची मुळेही शेजाऱ्याच्या उपयोगी पडतात. श्वसनमुळांतून आत गेलेल्या प्राणवायूचा काही भाग बारीक मुळांमधून भोवतालच्या चिखलात झिरपतो, आणि तिथल्या सल्फाइडचे प्रमाण कमी होते. शिवाय मुळांच्या जाळीत प्रवाहाचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि जमीन हळूहळू उंचावते.

झाडे दाट असली तर हा परिणाम वाढतो. श्रीलंकेत पुत्तलमच्या खारकच्छाजवळ कांदळाची रोपे वेगवेगळ्या दाटीने लावून पाहण्यात आली. सर्वांत विरळ भागात एका चौरस मीटरमध्ये सुमारे १ रोप, तर सर्वांत दाट भागात सुमारे ७ रोपे होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दाट भागात गाळ अधिक साठला आणि जमीन अधिक उंचावली. दाटीमुळे रोपे जास्त मरतील ही अपेक्षा मात्र खोटी ठरली. समुद्राची पातळी वाढत असताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाणी ज्या गतीने चढते, त्या गतीने चिखलही उंचावला तरच किनाऱ्याचे जंगल टिकेल.

मदतीची स्पर्धा कधी होते?

मग दाटी नेहमी चांगली का? नाही. इथे मार्क बर्टनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातील खाऱ्या दलदलींवरचे काम उपयोगी पडते. तिथे आयव्हा नावाचे एक झुडूप आणि लव्हाळ्यासारखी दिसणारी जंकस ही वनस्पती शेजारी शेजारी वाढतात. दलदलीच्या खालच्या, जास्त त्रासाच्या पट्ट्यात झुडपाभोवतीची जंकस काढून टाकली, तेव्हा मातीची क्षारता वाढली, मातीतली हवा कमी झाली आणि झुडपे खंगली. तिथे जंकस त्यांचा आधार होती. वरच्या, सौम्य पट्ट्यात मात्र त्याच दोन वनस्पती एकमेकींच्या स्पर्धक निघाल्या.

अशा अनेक निरीक्षणांवरून बर्टनेस आणि रेगन कॅलवे यांनी १९९४ मध्ये एक कल्पना मांडली. परिस्थिती जितकी खडतर, तितके वनस्पतींमधल्या मदतीचे महत्त्व अधिक. परिस्थिती जितकी सुखाची, तितके स्पर्धेचे महत्त्व अधिक. कॅलवे आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना जगातल्या ११ डोंगराळ ठिकाणी, ११५ जातींवर तपासली. पद्धत सोपी होती. काही रोपांचे शेजारी काढून टाकायचे, काहींचे तसेच ठेवायचे आणि फरक मोजायचा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, डोंगराच्या खालच्या भागात शेजारी गेल्याने रोपांचा बहुधा फायदा झाला. उंचावर, जिथे थंडी आणि वारा कडक असतो, तिथे शेजारी गेल्याने बहुधा तोटा झाला.

मदत आणि स्पर्धा या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असतात, हे इथे विद्यार्थ्यांना नीट समजावून सांगावे. सावली देणारे झाड मीठ आणि उष्णता कमी करते, पण प्रकाशही कमी करते. मीठ ही मोठी अडचण असेल तर सावलीचा फायदा भारी पडतो. मीठ पावसाने धुऊन गेले की प्रकाशाची उणीव जाणवू लागते. आपल्याला दिसतो तो या जमा-खर्चाचा शेवटचा आकडा.

आपल्याकडे मोसमी पावसामुळे हा जमा-खर्च एकाच वर्षात उलटसुलट होऊ शकतो. तिवराची फळे पावसाळ्यात पिकतात. फळाच्या आतच अंकुर तयार असतो आणि चिखलावर पडताच तो रुजू लागतो. पहिले काही महिने क्षारता कमी असते. त्या काळात मोठ्या झाडाखालच्या रोपाला प्रकाश पुरत नाही, आणि उघड्यावरचे रोप भराभर वाढू शकते. पुढे मार्च-एप्रिल उजाडला की उंच चिखलावर उघड्यावरच्या रोपालाच मिठाचा मार बसतो. खारघर आणि पारसिकच्या डोंगरांवर मिठाचा प्रश्न नाही, पण पातळ माती आणि सहा-सात महिने कोरडे ऊन आहे. तिथेही जुलैमध्ये जे झुडूप रोपाचा प्रकाश अडवते, तेच मे महिन्यात त्याच्यावर सावली धरते.

भरती अडली की शेजार बिघडतो

तिवराची एक सवय आता पाहू, कारण नवी मुंबईतले अनेक प्रश्न तिच्याशी जोडलेले आहेत. तिवराची मुळे पाणी शोषताना त्यातले बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. झाडाच्या दृष्टीने ही सोय उत्तम. पण अडवलेले मीठ जाते कुठे? ते मुळांभोवतीच्या चिखलात साठते. १९९२ मध्ये पॅसिओरा, बॉल आणि नाइट या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले की कांदळवनाची झाडे अशा रीतीने स्वतःच्या मुळांभोवतीची माती अधिक खारट करू शकतात. भरती-ओहोटीचे पाणी नियमित खेळत असेल तर हे जादा मीठ धुऊन जाते. पाणी अडले तर ते साठत राहते आणि दाट उभी असलेली झाडे एकमेकांचीच अडचण वाढवतात.

म्हणजे झाडाचे दोन परस्परविरोधी परिणाम आहेत. सावलीने मीठ कमी होते, मुळांनी वाढते. यातला कोणता परिणाम वरचढ ठरेल हे भरतीचे पाणी ठरवते. रस्त्याचा भराव, गाळाने बुजलेली मोरी, राडारोड्याचा ढीग यांनी पाण्याची वाट बंद झाली, तर एकाही झाडाला कुऱ्हाड न लावता जंगल सुकू शकते. कांदळवनाच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ च्या अंतिम निकालात तिला दुजोरा दिला. कुऱ्हाडीविरुद्ध कायदा आहे. पाण्याची वाट मोकळी आहे की नाही, हे मात्र प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहावे लागते.

याच्या उलट घटनाही याच शहरात दिसते. नवी मुंबईची बरीच जमीन सखल असल्याने पावसाचे पाणी साठवण्यासाठी धारण तलाव बांधले आहेत. भरतीच्या वेळी झडपा बंद राहून खाडीचे पाणी अडावे आणि ओहोटीला तलावातले पाणी बाहेर जावे, अशी ती योजना. कालांतराने या तलावांत गाळ आला, खारे पाणी आले, तिवर रुजला, तिवराने आणखी गाळ धरला आणि त्या गाळावर आणखी तिवर आला. जी साखळी खाडीच्या काठावर आपल्याला हवी असते, तीच तलावात पाण्याची जागा कमी करते आणि पावसाळ्यात वस्तीत पाणी तुंबण्याचा धोका वाढवते. झाडे कायद्याने संरक्षित असल्याने गाळ काढणेही सोपे राहत नाही. खाडीच्या मोकळ्या चिखलावर तिवर पसरला तर फ्लेमिंगोंची चरण्याची जागाही आकसते. झाड तेच, त्याचे काम तेच. फक्त ठिकाण बदलले.

शेजारी अतिरेक करतो अशी उदाहरणेही इथे आहेत. करंजवेल ही खाडीकाठचीच वेल तिवरावर चढते. थोडी असेल तर बिघडत नाही, पण तिचे दाट छप्पर झाले की खालच्या झाडाला प्रकाश मिळेनासा होतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

शेजाराचा परिणाम मोजण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. कांदळवनातले एकही रोप न उपटता हा प्रयोग शाळेच्या आवारात करता येतो.

सारख्या आकाराची २० भांडी घ्या आणि त्यांत सारखीच माती भरा. दहा भांड्यांत मधोमध मुगाचे एकच बी पेरा. उरलेल्या दहांत मधोमध मुगाचे बी आणि भोवती गव्हाचे आठ दाणे पेरा. प्रत्येक प्रकारची पाच भांडी सावलीत ठेवून रोज पाणी घाला. उरलेली पाच गच्चीवर कडक उन्हात ठेवून एक दिवसाआड पाणी घाला. सगळ्यांना दरवेळी पाण्याचे माप सारखेच ठेवा. तीन आठवड्यांनी फक्त मुगाची रोपे काढा, धुवा, वाळवा आणि तोला. मेलेल्या रोपाचे वजन शून्य धरा.

आता प्रत्येक परिस्थितीसाठी एक निर्देशांक काढा. शेजारी असतानाच्या सरासरी वजनातून शेजारी नसतानाचे सरासरी वजन वजा करा आणि या वजाबाकीला दोन्ही वजनांच्या बेरजेने भागा. उत्तर नेहमी उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान येते. समजा, शेजारी असताना वजन १२ आणि नसताना ८ आले, तर निर्देशांक ४ भागिले २०, म्हणजे अधिक ०.२. म्हणजे शेजाऱ्याची मदत झाली. उणे आले तर स्पर्धा.

एक सूचना. लहान भांड्यात मुळांना जागा कमी असते, त्यामुळे दोन्ही ठिकाणी उत्तर उणे येणे शक्य आहे. त्याने प्रयोग फसत नाही. खरा प्रश्न असा की सावलीतला आणि उन्हातला निर्देशांक वेगवेगळे आहेत का, आणि असल्यास का. पाणी दोन दिवसांआड घातले तर काय होईल, मोठे भांडे घेतले तर काय होईल, हे मुलांनाच सुचू द्यावे. सहलीसाठी ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सोयीचे आहे. तिथल्या पायवाटेवर ओहोटीच्या वेळी रोपे कुठे जास्त दिसतात, दाट सावलीत, मोकळ्या जागेत की दोन्हींच्या सीमेवर, एवढी नोंद केली तरी चर्चेला भरपूर साहित्य मिळेल.

लागवडीचा हिशेब

एखाद्या प्रकल्पासाठी झाडे गेली की त्यांच्या बदल्यात किती रोपे लावली जाणार, हा आकडा जाहीर होतो. शाळांमध्येही पावसाळ्यात वृक्षारोपण होते आणि रोपांची संख्या सूचनाफलकावर लागते. संख्या मोजायला सोपी असते. पण इथवरच्या विवेचनावरून लक्षात येईल की रोपाचे भवितव्य त्याच्या शेजारावर आणि त्या जागेच्या परिस्थितीवर अवलंबून असते. जिथे भरतीचे पाणी पोहोचत नाही, तिथे लावलेली हजार रोपे एका उन्हाळ्यात जाऊ शकतात. जिथे पाणी खेळते आणि जवळ तिवराची झाडे आहेत, तिथे पुष्कळदा एकही रोप लावावे लागत नाही. भरतीच रोपे आणते.

म्हणून रोप हातात घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायची सवय लावावी. या जागेची सर्वांत मोठी अडचण कोणती: मीठ, ऊन, पाणी की सावली? इथे आधीपासून काय वाढते आहे, आणि ते या अडचणीत भर घालते की ती कमी करते? आणि ही परिस्थिती पुढच्या मे महिन्यात कशी असेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्या जागी मे महिन्यात पुन्हा जावे लागेल. तेव्हा किती रोपे जिवंत आहेत आणि ती कोणाच्या शेजारी उभी आहेत, हा आकडाही सूचनाफलकावर लिहावा.